संपतचे लाल ठिपके

भोकरदन तालुक्यातल्या विहिरींचा नकाशा संपत साळवेनं काढला, हे ज्याला ठाऊक नसेल त्यानं संपतसोबत एक चहा प्यावा. चहा संपायच्या आत ठाऊक होतं. जालन्यात एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्याच्या दुकानाच्या वर, पाण्याचं काम करणारी एक लहानशी संस्था आहे. तिथल्या कोपऱ्यातला संगणक संपतचा. त्यात तालुक्यातली विहीर न विहीर, नाले, बंधारे, पाझर तलाव, गावांच्या हद्दी, सगळं त्यानं कित्येक वर्षं बसून भरलं. उपग्रहाच्या चित्रांवर डोळे ताणून त्याला चष्मा लागला. तेव्हा नकाशा त्याचा, हे म्हणणं काही खोटं नव्हतं.

पण तेवढ्यानं त्याचं भागत नव्हतं. नकाशा त्याचा आणि फक्त त्याचाच असायला हवा होता. एखाद्या गावानं मागितला तर संपत कागदावर छापून द्यायचा. कुणी फारच मागे लागलं तर पेनड्राइव्हवर प्रोजेक्टची फाईल टाकून द्यायचा. ती फाईल म्हणजे नुसता सांगाडा. विहिरींच्या, नाल्यांच्या, हद्दींच्या खऱ्या फायली संपतच्याच संगणकात राहायच्या. दुसरीकडे प्रोजेक्ट उघडला की तो त्या फायली शोधत बसायचा, त्याला काही सापडायचं नाही आणि पडदा पांढराफटक राहायचा. मग गावाकडून फोन यायचा की भाऊ, काहीच दिसेना. संपत म्हणायचा, तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते, या इकडं. लोक यायचे, त्याच्या खुर्चीमागे अदबीनं उभे राहायचे आणि तो माऊस सरकवत एकेक विहीर दाखवायचा. अशा दिवशी त्याला जेवण गोड लागायचं.

मग मदीहा आली. जालन्याचीच मुलगी, वडलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, संभाजीनगरला नकाशांचंच शिकून आलेली. आल्या आल्या तिनं संपतकडे मूळ फायली मागितल्या. धर्मराज सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, नेमके समोरच बसले होते. संपतला नाही म्हणता आलं नाही. तिनं काय केलं, तर सगळ्या फायली एका फोल्डरात आणल्या, प्रोजेक्टनं त्या कुठं शोधायच्या ते नीट करून ठेवलं, त्याचं एक पॅकेज बांधलं आणि त्याची लिंक सगळ्या गावांच्या पाणी समित्यांना पाठवून दिली. पॅकेज उघडा, नकाशा जसाच्या तसा हजर. ना फोन, ना जालन्याची वारंवार खेप, ना संपतच्या खुर्चीमागे उभं राहणं.

पहिला फोन पिंपळगाव रेणुकाईहून आला. तिथल्या समितीच्या अध्यक्ष सत्यशीलाताई, शाळेत शिक्षिका, बोलायला मोकळ्या. संपतनं फोन उचलला, घसा साफ केला. ताई म्हणाल्या, जरा मदीहा मॅडमला द्या. पुढं पुढं असंच होऊ लागलं. गावोगाव लोक ‘मदीहा मॅडमचा नकाशा’ म्हणू लागले. संपत ते ऐकायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विहिरी कुणी टिपल्या? डोळे कुणाचे गेले? हिनं फक्त गाठोडं बांधलं, आणि गाठोडं बांधणारीचं नाव झालं. बरं, मुलगी उद्धट असती तरी एक सोय होती. ही आल्यागेल्याला ‘संपतभाऊंनी केलंय सगळं’ म्हणून सांगायची. त्यानं तर संपत आणखीच पेटायचा. हिच्या तोंडून आपलं कौतुक व्हावं इतके आपण खाली आलो का, असं त्याला वाटायचं.

ईदेला ती त्याच्या घरी शीरखुर्मा घेऊन आली. संपतची आई चांगुणाबाई सहसा कुणावर खूश होत नाही. मदीहानं तिच्या शेजारी बसून तिच्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केली. त्या दिवसापासून आई रोज विचारायची, ती पोरगी कशी आहे रे? संपत ताटावरून नजर न उचलता म्हणायचा, आहे. घरसुद्धा हातचं गेलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

एवढं होऊनही त्यानं कसंबसं निभावून नेलं असतं. पण धर्मराज सरांनी एक दिवस दोघांना बोलावून सांगितलं की आता एका तालुक्यावर थांबायचं नाही, सगळ्या जिल्ह्याचा नकाशा करायचा. प्रती सगळ्यांकडे राहतील, पण मूळ प्रत एकाच माणसाच्या हातात असेल. गावांनी दुरुस्त्या त्याच्याकडे पाठवायच्या, त्यानं त्या मूळ प्रतीत करायच्या आणि नवं पॅकेज वाटायचं. बाकी कुणी मूळ प्रतीला हात लावायचा नाही. तो माणूस कोण, ते पिंपळगाव रेणुकाईच्या बैठकीत सगळ्या समित्यांसमोर ठरवू.

संपत त्या दिवशी जेवला नाही. मूळ प्रत मदीहाकडे गेली तर आपणच टिपलेली विहीर बोटभर सरकवायलाही तिला अर्ज करायचा. मॅडम, एवढी आमची विहीर सरकवता का? हे वाक्य त्याला आपल्याच आवाजात ऐकू यायचं आणि कानशिलं तापायची.

म्हणून त्यानं नकाशावर पसरायचा एक वेगळा थर, म्हणजे लेअर, केला. नकाशात विहिरींचा एक लेअर, नाल्यांचा एक, तसा हा मदीहाच्या चुकांचा. तिनं आल्यापासून गावोगाव फिरून ज्या नव्या विहिरी भरल्या होत्या त्यांत जिथं चूक दिसेल तिथं संपतनं लाल ठिपका द्यायचा आणि ठिपक्यासोबत एक शेरा लिहायचा. लेअरला नाव दिलं नुसतं ‘म’. बैठकीच्या आधी सरांना एकट्याला गाठून तो दाखवायचा, म्हणजे मूळ प्रत कुणाच्या हातात शोभते ते त्यांचं त्यांनाच कळेल, असा बेत.

चुका पडद्यावर बसून सापडत नव्हत्या. मग हा गडी, ज्यानं सबंध तालुका खुर्चीत बसून काढला होता, तो सुटीच्या दिवशी मोटारसायकल घेऊन भोकरदनकडे निघायला लागला. मिरचीच्या वावरातून, बांधाबांधानं, भर उन्हात चालत तो एकेक विहीर गाठायचा, मोबाईलवर जागा ताडून बघायचा, आणि चूक सापडली की त्याला थंडगार पाणी प्याल्यागत वाटायचं. सापडल्याही. एक विहीर तिनं नाल्याच्या अलीकडे टिपली होती, ती होती पलीकडे. संपतनं लाल ठिपका दिला आणि शेरा लिहिला, ‘विहीर पलीकडच्या काठावर आहे. ओलांडताना बाईसाहेबांची चप्पल भिजली असती.’ दुसऱ्या एका ठिकाणी, ‘गाडीतूनच बघितली असणार.’ तिसऱ्या ठिकाणी विहिरीचं नाव भलतंच होतं. तिथं लिहिलं, ‘गावात हे नाव कुणी घेत नाही. नाव विचारायला तोंड उघडावं लागतं.’

एका रविवारी तो जुई नदीच्या अंगाला गेला. मदीहानं तिथं बाभळीच्या रानात एक जुनी बारव दाखवली होती. संपतच्या नकाशात ती कधीच नव्हती. उपग्रहाच्या चित्रात तिथं नुसती झाडं दिसत. बारव-बिरव काही नाही, हिनं मनानं टाकली, असं धरून तो खुशीत काटे तुडवत आत शिरला आणि थेट पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. दगडी पायऱ्या, खाली हिरवं पाणी, पाण्यावर ऊन. जागा बरोबर, खोली बरोबर, आकार बरोबर. वाटेतल्या शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीतल्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं नावही बरोबर. तो तिथं बराच वेळ बसून राहिला. आपण इतकी वर्षं ज्या रानावरून माऊस फिरवला त्याच्या पोटात हे होतं आणि ते तिला सापडलं, हा विचार त्याच्यानं गिळवेना. त्यानं मोबाईल काढला, हट्टानं लाल ठिपका दिला, आणि शेऱ्यात लिहिलं, ‘इथं चूक सापडली नाही. परत बघावं.’

बैठक जवळ आली. सरांना एकट्याला गाठायचा मुहूर्त काही लागेना, ते सारखे दौऱ्यावर. त्यातच मदीहाच्या मामेबहिणीचं, मारियाचं लग्न निघालं आणि मदीहा रजेवर गेली. सरांनी फोनवरून सांगितलं की बैठकीच्या आधी सगळ्यांना ताजं पॅकेज जायला पाहिजे, संपत, या वेळी तुम्ही पाठवा.

संपतला पॅकेज बांधता येत नव्हतं. येणार कुठून? त्यानं आजवर नकाशा कुणाला दिलाच नव्हता. मदीहाला एक फोन केला असता तर तिनं दोन वाक्यांत सांगितलं असतं, पण तो फोन करण्यापेक्षा त्यानं बोट कापून घेतलं असतं. त्यानं मेनू धुंडाळला, ते बटण शोधून काढलं. दाबण्याआधी सावधपणे ‘म’ लेअरच्या पुढची टिक काढली. नकाशावरचे लाल ठिपके गेले. त्यानं पडदा खालवर करून पुन्हा बघितलं, एकही राहिला नव्हता. मग पॅकेज बांधलं आणि लिंक सगळ्या समित्यांना पाठवली. खाली लिहिलं, ‘आपला, संपत साळवे.’ एवढं काय अवघड आहे यात, असं म्हणत त्यानं बियाण्याच्या दुकानातल्या पोरांना चहा पाजला.

टिक काढल्यानं लेअर फक्त झाकला जातो. पॅकेज बांधताना प्रोजेक्टमध्ये जे जे असेल ते सगळं आत जातं, झाकलेलंही. ज्यानं चार वेळा कुणाला नकाशा दिला असेल त्याला हे ठाऊक असतं. संपतला ते बैठकीच्या आदल्या दिवशी सत्यशीलाताईंकडून कळलं.

ताईंचा फोन आला, आणि या वेळी संपतसाठीच आला. म्हणाल्या, "संपतभाऊ, त्या यादीत खाली ‘म’ लिहून आल्तं, मी सहज टिक मारून बघितली. लाल ठिपके लय कामाचे हैत, आमच्या शिवारात जिथं ठिपका तिथं चूक हैच. उद्या बैठकीत सगळ्यांना दाखवते."

संपत म्हणाला, ताई, ते कच्चं काम आहे, राहू द्या. ताई म्हणाल्या, राहू कसं देता, बाकीच्या गावांनी पण उघडलंय. त्यानं लिंक काढून टाकली, पण उपयोग काय, सगळ्यांनी आधीच उतरवून घेतलं होतं. ताप आला म्हणून घरी बसावं असंही मनात आलं. पण आपण गेलो नाही तर मूळ प्रत सरळ तिच्या पदरात पडणार, हे दिसत होतं. तेव्हा गेला.

पिंपळगावच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात तालुक्यातल्या समित्या जमल्या होत्या. बाहेर मिरचीच्या बाजाराची गडबड, आत लोकांना अधूनमधून ठसका लागत होता. मदीहा लग्नाहून थेट आली होती, हातावरची मेंदी अजून लाल. ती पुढच्या रांगेत बसली आणि संपतला तिनं शेजारची खुर्ची दाखवली. तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

सत्यशीलाताईंनी भिंतीवर नकाशा पाडला आणि ‘म’ची टिक मारली. नकाशा लाल ठिपक्यांनी भरून गेला. ताईंनी एका ठिपक्यावर टिचकी मारली तसा शेरा मोठ्या अक्षरांत भिंतीवर उमटला, आणि ताईंनी शाळेत धडा वाचतात तसा तो खणखणीत वाचला. विहीर पलीकडच्या काठावर आहे. ओलांडताना बाईसाहेबांची चप्पल भिजली असती. काही लोक हसले. एकजण म्हणाला की विहीर खरंच पलीकडं आहे. ताईंनी दुसरा वाचला. गाडीतूनच बघितली असणार. आता हसणं कमी झालं. लोक मदीहाकडे बघायला लागले. तिसरा शेरा वाचताना ताईंचाच आवाज खाली आला. त्यांनाही आता अंदाज आला होता की हे काय आहे.

धर्मराज सरांनी मान वळवून संपतकडे बघितलं. हे कुणी लिहिलं, एवढं त्यांनी विचारायचं बाकी होतं. संपतला भिंत पाठीला टोचत होती. मूळ प्रत गेली, नोकरीही जाते की काय, आणि हे सगळं हिच्यासमोर, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

मदीहा उठून उभी राहिली.

"हे मीच सांगितल्तं संपतभाऊंना," ती म्हणाली. "आपलं काम आपल्याला बराबर तपासता येत न्हाई. मी म्हणलं, माझ्या चुका तुम्ही काढा, अन् जरा तिखट लिहा, म्हणजे ध्यानात राह्यतात. ते सुटीच्या दिवशी पायी फिरून करून राह्यले होते. म्हणून ‘म’, म्हणजे मदीहाच्या."

सभागृह मोकळं झालं. तिखट लिहा म्हणल्यावर मिरचीच्या गावातले लोक न हसून कसं चालेल? ज्याच्या त्याच्या तोंडी, वा, असं पाहिजे. एकानं तर विचारलं की आमच्या शिवारात कधी येता चुका काढायला. संपत मान हलवत राहिला. तिनं खोटं सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे हे खोलीत दोघांनाच माहीत होतं.

मग धर्मराज सर उठले. म्हणाले, "मूळ प्रत कुणाकडं द्यावी, ह्याच्यावर माझा निर्णय होत नव्हता. काम संपतचं जुनं आहे. पण ज्याला स्वतःच्या चुका चारचौघांत वाचलेल्या चालतात, त्याच्याच हातात मूळ प्रत असावी. ती मदीहाकडं राहील."

टाळ्या पडल्या. संपतनंही वाजवल्या, कारण हात मोकळे ठेवले असते तर दिसलं असतं. आणि तेवढ्यावर सुटला असं नाही. पिंपळगावच्या समितीनं पाहुण्यांसाठी टॉवेल-टोपी आणून ठेवली होती. सत्यशीलाताई म्हणाल्या, एवढ्या उन्हात फिरून तपासणी करणाऱ्या माणसाचा आधी सत्कार झाला पाहिजे. संपतला पुढं बोलावलं. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, आणि मागे भिंतीवर त्याचाच शेरा, नाव विचारायला तोंड उघडावं लागतं. त्याचा फोटो काढला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मदीहा सगळ्यात पुढं होती.

परतीला संस्थेच्या जीपमध्ये दोघं मागे बसली. सर पुढं फोनवर. राजूर मागे पडलं तसं संपतच्यानं राहवलं नाही.

"असं का बोललीस?"

मदीहा खिडकीतून बघत होती. तिनं मान वळवली नाही.

"मंग काय बोलायला पायजे होतं, भाऊ?"

पुढं जालना येईपर्यंत संपतच्या डोक्यात एकच घोळ. हिनं आपल्याला वाचवलं की आपल्याच हातानं आपली मान कापून घेतली? भोळी असेल तर देवमाणूस आहे, आणि धूर्त असेल तर आपल्यापेक्षा दसपट धूर्त आहे. दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी ती आपल्याहून वरच बसते, हे त्याच्या ध्यानात आलं. घरी आईनं टोपी-टॉवेल बघितला, आनंदानं विचारलं, आणि ती पोरगी काय म्हणली रे? संपतनं नारळ कोनाड्यात ठेवला आणि तसाच झोपला.

काही आठवड्यांनी मदीहानं नवं पॅकेज वाटलं. जिल्ह्यातल्या सगळ्या समित्यांना, अंबडपासून भोकरदनपर्यंत. संस्थेतल्या लोकांना आली तशीच संपतलाही लिंक आली. त्यानं ती आपल्याच संगणकावर, आपल्याच खुर्चीत बसून उघडली. यादीत खाली तो लेअर होता. नाव बदललं होतं, ‘संपतभाऊंची तपासणी’. आणि या वेळी टिक मारलेलीच होती.

शेऱ्यांतली चप्पल गेली होती, गाडी गेली होती, तोंडही गेलं होतं. विहीर पलीकडच्या काठावर सरकली होती. नावं दुरुस्त झाली होती. चूक दुरुस्त झाली तिथला ठिपका तिनं काढून टाकला होता, जसा काढायला हवा तसाच. आख्ख्या जिल्ह्यात एकच लाल ठिपका उरला होता, जुई नदीच्या अंगाला, बाभळीच्या रानात. तिथं दुरुस्त करायला काही नव्हतं. संपतनं त्यावर टिचकी मारली. ‘इथं चूक सापडली नाही. परत बघावं.’ खाली तपासणाऱ्याचं नाव, संपत साळवे.

मदीहा समोरच्या टेबलाशी फोनवर कुठल्याशा गावाला नकाशा कसा उघडायचा ते समजावत होती. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

संपतनं ठिपका निवडला आणि पुसून टाकला. त्याच्या पडद्यावरून तो गेला. पिंपळगावात, भोकरदनला, अंबडला, जिथं जिथं ते पॅकेज उघडलं होतं तिथं तो तसाच लाल होता. तिथूनही काढायचा असेल, तर त्याला उठून मदीहाला सांगावं लागणार होतं.